ती असेपर्यंत एकवेळ

आईला उचलायची बाबांची एक पद्धत होती. खाटेच्या कडेला वाकून ते आधी तिचा धड हात आपल्या मानेभोवती टाकून घ्यायचे. मग लुळा हात तिच्या मांडीवर नीट ठेवायचा, आपला एक गुडघा तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे रोवायचा आणि "चल गो" म्हणत तिला उभी करायची. उभी राहिली की क्षणभर दोघं तशीच थांबायची. मग बाबा उलट्या पावलांनी, तिला छातीशी धरून, खाटेपासून मोरीपर्यंत न्यायचे. मोरीत मधे भोक पाडून घेतलेलं लाकडी स्टूल होतं. तिथं तिला बसवायचं, पडदा ओढायचा आणि बाहेर उभं राहून खोकत राहायचं, म्हणजे मी इथेच आहे हे तिला कळावं. मी शाळेत शिकवायला गेलेली असताना हे सगळं त्यांच्या एकट्याच्या अंगावर होतं.

शेजारणी काय कमी होत्या? हाक मारली असती तर चौघी धावून आल्या असत्या. बाई ठेवायचंही मी दहादा बोलले. पण आईला परक्या बाईचा हात चालायचा नाही. अंग लुळं पडलं तरी लाज लुळी पडली नव्हती तिची. "ह्यांनी नेला तर नेला, नायतर मी जात नाय," असं म्हणून ती तोंड भिंतीकडे फिरवायची. म्हणजे बाबांचे दोन हात आणि दोन पाय हेच आईचं सगळं होतं. ते चालू राहिले तर आई उठणार, बसणार, माणसासारखी मोरीत जाणार. ते थांबले तर आई खाटेला लागणार. इतका सरळ हिशेब होता, आणि तो घरात मला सोडून कुणाला करायचाच नव्हता.

आम्ही दहिसरला, नदीच्या अंगाला एका बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. गिरण्यांचा मोठा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बाबा त्याच्या आधीच रिटायर झाले होते म्हणून सुटले. उभा जन्म विणकाम खात्यात गेला त्यांचा. सुताने भरलेला बीम, म्हणजे चांगला लठ्ठ लोखंडी रूळ, जोडीदाराबरोबर खांद्यावर घेऊन ते मागावर चढवायचे. माणूस उंच नव्हता, पण दंड असे की सदऱ्याची बाही तिथे अडकायची. मी त्यांची एकुलती एक. बोरिवलीच्या मराठी शाळेत पीटी शिकवायचे. लग्न केलं नव्हतं, त्याची चर्चा तेव्हा चाळीने भरपूर केली, आता इथे नको. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, एवढं सांगून ठेवते.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हात वर केले होते. बाबा खाली जिन्यात गेले, गावाची दिशा कुठली ते एका वॉर्डबॉयला विचारून घेतलं आणि तिकडे तोंड करून ग्रामदेवाला नवस बोलले. ही वाचू दे, ही असेपर्यंत मी एकवेळ जेवीन आणि मासळीला शिवणार नाही. आई वाचली. डावी बाजू गेली, पण बोलणं शाबूत राहिलं, डोकं शाबूत राहिलं. घरी आणली त्या दिवसापासून बाबांचं रात्रीचं ताट बंद झालं. दुपारी बारा वाजता काय तो भात, आमटी, एखादी भाजी. रात्री बिनदुधाचा चहा, तोही अर्धा कप. कोकणातला माणूस, ज्याला बांगड्याच्या वासाशिवाय घास उतरत नसे, त्याने मासळी अशी टाकली की बाजारात कोळणींच्या रांगेसमोरून जाताना बाबा मान वळवून जायचे.

लोकांनी काय केलं? कौतुक! चाळीच्या टोकाला मारुतीचं देऊळ होतं, तिथे शनिवारी भजनाला बसणारी मंडळी होती. त्यांना तर बाबा म्हणजे चालतं बोलतं पुण्य वाटायला लागले. "काय तेज आलंय हो चेहऱ्यावर!" "अंग कसं हलकं झालंय बघा." "बायकोसाठी कोण करतं आजकाल एवढं?" अहो, कसलं तेज डोंबलाचं! गाल आत गेले की हाडांवर उजेड पडतो, त्याला ही माणसं तेज म्हणत होती. मी तोंडावर बोलून दाखवलं एकदा. त्यावर एक जण म्हणाला, "तुम्ही पीटीच्या बाई, तुम्हाला शरीराचंच दिसणार." मग काय दिसायला हवं होतं मला?

मला पहिल्यांदा धस्स झालं ते एका रविवारी. बाबा जमिनीवर बसून पेपर वाचत होते. उठताना त्यांनी आधी एक हात जमिनीला टेकवला, मग दुसरा गुडघ्यावर, मग भिंतीला, आणि मधेच थांबले. अर्धवट उठलेले, ढुंगण हवेत. मला वाटलं काहीतरी शोधतायत. ते काहीच शोधत नव्हते. पाय वर न्यायला तयार नव्हते. एवढ्यात माझ्याकडे लक्ष गेलं तर हसले आणि म्हणाले, "मुंगी चावली." मग ते बनियन बदलत असताना मी नीट पाहिलं. दंडाचं मांस पिशवी रिकामी व्हावी तसं लोंबत होतं. पिंढऱ्या गेल्या होत्या. मांडीवर कातडीच्या घड्या. तीच मांडी जिच्यावर मी लहानपणी उभी राहून फडताळातला डबा काढायची. त्या दिवशी आईला मोरीत नेताना मी मागे मागे गेले, आणि मला ऐकू आला तो त्यांचा श्वास. शिट्टी वाजल्यासारखा. आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. शाळेत कवायतीचे लाकडी डंबेल्स होते, पण ते मुलांनी तालावर वाजवायचे, वजन नावाला नाही त्यांना. मग मी मांजरपाटाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात नदीकाठची वाळू भरली आणि तोंडं टाचून टाकली. दोन घोट्यांना बांधायच्या, दोन हातात धरायच्या. सकाळी शाळेत जायच्या आधी बाबांना स्टुलावर बसवायची. हात न टेकता ऊठ, हात न टेकता बस. मग पिशव्या बांधून पाय पुढे सरळ. मग दाराची चौकट धरून अर्ध्या बैठका. "छाती वर! घाई नको! श्वास कोंडू नका!" चाळीतली पोरं दारात जमायची. कुणी हसलं की मी एक कटाक्ष टाकायची, पांगायची. म्हाताऱ्या माणसाने वजन उचलायचं ही गोष्टच तेव्हा कुणाला पटत नसे. म्हाताऱ्याने सकाळी फिरायला जावं, प्राणायाम करावा, देव देव करावा. "बापाला कशाला छळतेस या वयात?" असं शेजारच्या काकू स्पष्ट विचारायच्या.

बाबांना मात्र आवडलं. खरंच आवडलं. गिरणी सुटल्यापासून त्यांच्या अंगाला कुणी काम सांगितलं नव्हतं. घामाने भिजलेला सदरा काढताना ते जुन्या दिवसांतल्यासारखे गुणगुणायचे. पहिले काही आठवडे फरकही पडला. जमिनीवरून उठताना भिंत लागेनाशी झाली. आईला उचलताना शिट्टी थांबली. आई मला हळूच म्हणाली, "जरा बळ इला हां त्यांका." मला एवढा आनंद झाला होता की मी शाळेत दोन वर्गांना खो-खो खेळायला मोकळं सोडलं.

आणि मग सगळं उलटं फिरलं. पावसाळ्याच्या तोंडाला बाबा व्यायाम संपवून स्टुलावर बसले की बसूनच राहायचे. हात थरथरायचे. मी पिशव्यांतली वाळू कमी केली, तरी थरथरायचे. वजन उतरतच होतं. शेवटी मी त्यांना हाताला धरून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली, दंड दाबून पाहिला, मुठीने आपलं बोट आवळायला लावलं. मग विचारलं, "खाता काय?" मी सांगितलं सगळं. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "हे बघा, या वयात मांस आपोआप झिजतं. ते थोपवायचं तर त्याला काम द्यावं लागतं आणि खायला द्यावं लागतं. दोन्ही. बाई काम देतायत ते बरोबर आहे. पण तुम्ही खायला देत नाही, मग शरीर स्वतःचंच मांस खातं. अंडी खा, मासे खा, दूध, डाळ, आणि रात्रीचं जेवण आजपासून सुरू करा. नाहीतर काही महिन्यांत तुम्हालाच उचलायला माणूस लागेल." बाबांनी सगळं मान डोलावून ऐकलं. बाहेर पडल्यावर पायरीवर थांबून म्हणाले, "डॉक्टर बरो आसा. पण देवाक शब्द दिलंय मी."

मी भर रस्त्यात ओरडले. देव काय रेशनिंग इन्स्पेक्टर आहे का, रात्री येऊन ताट तपासायला? एवढा मोठा देव, त्याला तुमच्या दोन भाकऱ्या खुपतात? लोक वळून बघत होते. बाबा शांतपणे चालत राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तुका कळूचा नाय. ती वाचली ना?" ती वाचली होती. खाटेवर बसून तांदूळ निवडत होती, एका हाताने.

तरीही डॉक्टरांच्या बोलण्याने ते आतून हलले असणार, कारण आठवड्याभराने ते स्वतःच म्हणाले की देवालाच विचारू. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझे चुलते कामासाठी मुंबईला आले होते आणि परत गावी निघाले होते. बाबांनी त्यांना बाजूला घेऊन निरोप दिला. मला हायसं वाटलं. म्हटलं, देव तरी शहाणा असेल. त्या दिवसांत मी मनातल्या मनात त्या उजव्या पाकळीला इतकं विनवलं की मलाच माझं हसू आलं. मी तिखट डोक्याची बाई, पाकळीच्या नादी लागलेली!

चुलते पुढच्या खेपेला आले ते खाली मान घालूनच. खाटेजवळ बसून त्यांनी सांगितलं, कौल उजवा पडला. मी टाळीच वाजवली. "मग झालं तर! आज रात्री मी सुरमई आणते!" तर चुलते म्हणाले, "तसा नाय गो. प्रश्न असो नव्हतो." प्रश्न बाबांनीच सांगितला होता, शब्दन् शब्द. मी नवस मोडून रात्री जेवलो तर तिच्या जिवाला अपाय आहे काय? देवाने उजवी दिली. म्हणजे, हो, आहे.

मी वेडीपिशी झाले. असा विचारतात का प्रश्न? "जेवायला मोकळीक देतोस का?" असं विचारलं असतं तर हीच पाकळी, ह्याच बाजूची, आणि बाबा सुटले असते! पण बाबांना मोकळीक नकोच होती. त्यांच्या मनात एकच भीती होती आणि त्यांनी तीच विचारली. परत लावा कौल, मी म्हटलं, मी स्वतः गावी जाते. चुलत्यांनी कानाला हात लावले. "देवाक एकच गोष्ट दोनदा विचारूची नसता." न जेवल्याने तिला अपाय आहे का, हे कुणी विचारलंच नाही. बाबा आईकडे बघत होते. तिच्या पायावरची चादर सरळ करून ते म्हणाले, "मिटला." त्यानंतर या विषयावर त्यांनी एक शब्द काढू दिला नाही. मी दूध ठेवलं तर मांजराला घालायचे. दुपारच्या भातात अंडं लपवलं तर वासाने ओळखायचे आणि ताट सरकवायचे. व्यायाम मात्र सोडायला तयार नव्हते. मीच वाळूच्या पिशव्या उचलून माळ्यावर टाकल्या.

घरात काहीतरी येऊन बसलंय असं मला त्या दिवसांत सतत वाटायचं. शाळेतून येताना चाळीच्या कोपऱ्यावर पोचले की थांबायची. आधी कान द्यायची, रडण्याबिडण्याचा आवाज नाही ना. मग आत जायची.

आईच्या उशाशी स्टीलचा तांब्या असायचा. सकाळी भरून ठेवून जायची मी. एक दिवस परत आले तर तो भरलेलाच. दुसऱ्या दिवशी तसाच. आईचे ओठ फुटले होते, जीभ पांढरी पडली होती. मी पाणी पुढे केलं तर म्हणाली, "माका तान नाय." उन्हाळ्यासारखा उकाडा होता ऑक्टोबरचा, पंख्याखाली घाम फुटत होता, आणि हिला तहान नाही! मी आवाज चढवला. तेव्हा तिने बाबा बाहेर गेलेत ना याची खात्री करून घेतली आणि धड हाताने माझं मनगट पकडलं. "त्यांचे हात कापतत गो. मी मानेक धरलेला असता, माका कळता. पानी पिलंय की उठूक लागता."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. आणि कळलं तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. ते तिच्यासाठी जेवत नव्हते आणि ती त्यांच्यासाठी पाणी पीत नव्हती. दोघं एकमेकांना वाचवत होती आणि दोघंही माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालली होती. मी बाहेर येऊन म्हटलं, मी नोकरी सोडते. आई म्हणाली, "आणि खावया काय?" तेही खरं होतं. मी हेडबाईंकडे महिनाभराची रजा मागितली. सहामाही परीक्षा संपली की घ्या, म्हणाल्या.

परीक्षा चालू असतानाच ते झालं. दुपारी घरी आले तर दार आतून बंद. कडी वाजवली, हाक मारली. आतून बाबांचा आवाज आला, "इलंय, इलंय." पण दार उघडेना. आत काहीतरी फरफटत येत होतं. बऱ्याच वेळाने कडी खालून कुणीतरी काठीने ढकलावी तशी सरकली. बाबा दाराशी जमिनीवर होते, हातात मोरीतला झाडू. त्यांना उभं राहता येत नव्हतं. मागे, मोरीच्या उंबऱ्याला, आई आडवी पडली होती. लुगडं ओलं, एक पाय बाहेरच्या बाजूला विचित्र वळलेला. सकाळचं ऊन मोरीच्या खिडकीतून आलेलं असताना पडली होती ती दोघं. भिंतीपलीकडे शेजारी होते, रेडिओ ऐकू येत होता त्यांचा. मी ओरडले, "हाक का नाही मारलीत?" आई जमिनीवरूनच म्हणाली, "मीच नको म्हटलंय. अंगावर कपडो धड नव्हतो." मग म्हणाली, "त्यांच्यावर वरडू नको. ते माझ्या खाली इले म्हणान माझा डोक्या वाचला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात म्हणाले, ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या. घरी आणली. आता मोरी नाही, उठणं नाही, काही नाही. परक्या बाईचा हात लागला, रोज लागला, आणि आई काहीच बोलली नाही, तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. मग पाठीला जखमा, मग ताप, मग छातीत कफ. बाबा खाटेच्या पायथ्याशी बसून असायचे. दुपारी बारा वाजता जेवायचे, एवढंसं, आणि रात्री काही नाही. मी कितीदा म्हटलं असेल, बाबा, आता तरी. ते मान हलवायचे. आता तर अजिबातच नाही, असं होतं ते. दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते, एका पहाटे आई गेली.

तेराव्यापर्यंत गेलेलं माणूस घरातच असतं असं आमच्याकडे मानतात. बाबांनी ते मानलं. तेरा दिवस एकवेळ. भजनी मंडळातली माणसं येऊन म्हणत होती, काय निष्ठा, काय माणूस. माझ्यात भांडायचं बळ उरलं नव्हतं. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले, चुलते संध्याकाळच्या एसटीने गावी निघून गेले. खोलीत आम्ही दोघंच. दिवेलागण झाली. मी माझ्यापुरता दुपारचाच भात गरम करायला ठेवला आणि एक ताट घेतलं.

बाबा भिंतीला धरून उठले आणि स्वयंपाकाच्या खोलीत येऊन पाटावर बसले.

"माका पन वाढ गो," बाबा म्हणाले. "आता हरकत नाय."

मला त्यांचा राग आला. त्या देवाचा आला, त्या पाकळीचा आला, आणि आईचाही आला. मी दुसरं ताट घेतलं. भात वाढला, आमटी घातली. बाबांनी मान खाली घालून कालवलं आणि खायला सुरुवात केली. भुकेल्या माणसासारखे भराभर खात होते, मधे एकदाही न थांबता. डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं आणि ते खात होते.

ताट रिकामं झालं. मी पातेलं घेऊन तशीच उभी होते.

"अजून वाढू?"

"वाढ."